अतिशीत अणू, औंढ्याचा लायगो आणि बोअरचं पाणी

हिंगोली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी चार प्रश्न पाठवले आहेत. ‘विश्वातलं सर्वांत कमी तापमान गाठलं’ अशा बातम्या अधूनमधून येतात, त्याचा उपयोग काय? औंढ्याला होणाऱ्या लायगोचा, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचा, या क्वांटम प्रकरणाशी काही संबंध आहे, की लेकरं उगाच दोन्हींची सांगड घालतात? शेजारच्या गावात एक जण ‘क्वांटम सेन्सर’ने बोअरचं पाणी दाखवतो म्हणून चांगले पैसे घेऊन गेला, त्यात तथ्य किती? आणि आमच्या भागातल्या मुलांनी या क्षेत्रात यायचं तर कसं?

सर, मी मूळचा वसमतकडचा. बरीच वर्षं लेसरने अणू थंड करण्याच्या प्रयोगांत घालवली आहेत, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे त्यातच गुंतलेत. बातमीत तापमानाचा आकडा ठळक छापतात. प्रयोगशाळेत मात्र त्या आकड्याचं कौतुक कमीच असतं. आम्हाला हवा असतो वेळ. खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला जवळपास ३०० मीटर पळतो. सेंटीमीटरभर रुंदीच्या लेसरच्या झोतातून तो सेकंदाच्या तीस-पस्तीस दशलक्षांश भागात पार होतो. तेवढ्यात त्याला काय विचारणार आणि काय मोजणार? तोच अणू १०० नॅनोकेल्विनवर आणला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर केल्विनच्या एक कोटीव्या भागावर, की त्याचा वेग सेकंदाला पाच मिलिमीटरवर येतो. आता त्याच्यावर सेकंदभर प्रयोग करता येतो. शिवाय वेग उतरला की अणूची तरंगलांबी वाढते. एवढ्या थंडीत ती अर्ध्या मायक्रॉनच्या पुढे जाते. अणू पुरेसे दाटीने ठेवले असतील, तर एकाची लाट दुसऱ्याच्या लाटेवर चढते आणि सगळा ढग एकाच लाटेसारखा वागू लागतो. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या कामावरून आइन्स्टाइनने जे भाकीत केलं ते हेच, बोस-आइन्स्टाइन संघनित. प्रत्यक्षात ते दिसायला ५ जून १९९५ उजाडावा लागला. कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे कॉर्नेल आणि वीमन यांनी साधारण दोन हजार रुबिडियम अणू १७० नॅनोकेल्विनच्या आसपास आणले, आणि काही महिन्यांत एमआयटीत केटर्लेने सोडियमवर तेच साधलं. २००१ चं नोबेल या तिघांना मिळालं.

लेसरने वस्तू तापते हे मुलांना माहीत असतं, मग थंड कशी होते हा प्रश्न वर्गात येणारच. त्याचं उत्तर डॉप्लर परिणामात आहे, आणि तो तुमच्या अभ्यासक्रमात आहेच. लेसरची वारंवारिता अणू शोषतो त्यापेक्षा किंचित खाली ठेवायची. जो अणू झोताच्या दिशेने समोरून येतो त्याला ती वर सरकलेली दिसते आणि नेमकी जुळते. तो फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, गिळतो आणि समोरून धक्का खातो. उभ्या अणूला किंवा झोतापासून दूर पळणाऱ्याला ती फारशी जुळत नाही. असे सहा बाजूंनी सहा झोत सोडले की अणू कुठेही पळाला तरी त्याला समोरूनच मार बसतो. एका फोटॉनने रुबिडियमचा वेग सेकंदाला फक्त सहा मिलिमीटरने कमी होतो. ३०० मीटरचा वेग मोडायला पन्नासेक हजार फोटॉन लागतात. पण अणू सेकंदाला कोटीच्या वर फोटॉन गिळू आणि सोडू शकतो, त्यामुळे काम काही मिलिसेकंदांत उरकतं. कल्पना १९७५ ची, हेन्श आणि शॉलो यांची. १९८५ मध्ये स्टीव्हन चू यांच्या गटाने ती सोडियमवर करून दाखवली.

इथे एक गंमत झाली, ती मुलांना जरूर सांगा. गणिताप्रमाणे सोडियम या पद्धतीने २४० मायक्रोकेल्विनच्या खाली जायलाच नको होतं. १९८८ मध्ये विल्यम फिलिप्स यांच्या प्रयोगशाळेत मोजलं तर ४० च्या आसपास निघालं. प्रयोग सहसा सिद्धांतापेक्षा वाईट निघतो, इथे सहापट चांगला निघाला! प्रकाशाचं ध्रुवीकरण आणि अणूच्या आतल्या पातळ्या यांच्या खेळामुळे हे होतं, असं कोहेन-तानुजी आणि चू यांच्या गटांनी नंतर मांडलं. १९९७ चं नोबेल चू, कोहेन-तानुजी आणि फिलिप्स या तिघांना मिळालं.

एवढ्यानेही संघनित मिळत नाही. शेवटचा टप्पा लेसरचा नाहीच, तो आपल्या माठाचा आहे. माठातलं सगळ्यांत गरम पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेलं गार होतं. आम्ही अणूंना चुंबकीय किंवा प्रकाशाच्या सापळ्यात धरतो आणि सापळ्याची कड हळूहळू खाली आणतो. तापलेले अणू कडेवरून निसटतात, उरलेले आपसांत टकरा घेऊन आणखी खालच्या तापमानाला स्थिरावतात. यात अणूंचा भयंकर नाश होतो. कोट्यवधींनी सुरुवात करायची आणि शेवटी लाखभर हाती लागले तरी दिवस चांगला गेला म्हणायचं.

प्रत्यक्ष यंत्र बघितलं तर त्यात थंड असं काही सापडत नाही. ना द्रव नायट्रोजन, ना बर्फ. टेबलावर शेकडो आरसे आणि भिंगं असतात, मधोमध काचेची किंवा पोलादाची एक छोटी निर्वात पेटी. पेटीच्या भिंती खोलीच्याच तापमानाला असतात आणि अणूंचा ढग मधल्या पोकळीत तरंगतो. म्हणून निर्वात इतकं कडक लागतं की वातावरणाच्या दाबाच्या कित्येक लाख कोटी पट कमी दाबावर जावं लागतं. एखादा भटका हायड्रोजनचा रेणू धडकला तरी आमचा अणू सापळ्याबाहेर फेकला जातो. ते साधायला पेटी जोडून झाली की तिला तापवण्याच्या पट्ट्या आणि वर ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळून दीडशे-दोनशे अंशांवर कित्येक दिवस भाजत ठेवतात, भिंतींना चिकटलेलं पाणी निघून जाईपर्यंत. नव्या विद्यार्थ्याचा पहिला मोठा धडा हाच. नट घट्ट करताना एक बाजू जास्त आवळली तर तांब्याची गॅस्केट गळते आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

रुबिडियम ३९ अंशांवर वितळतं. मे महिन्यात परभणीत पारा ४२-४३ ला टेकतो, तेव्हा एसी बंद पडलेल्या खोलीत काचेच्या कुपीतला हा धातू पातळ झालेलाच सापडेल. सहा झोत जुळवून चुंबकीय सापळ्याच्या वेटोळ्यांतला प्रवाह सुरू केला, की ७८० नॅनोमीटरचा तो मंद लाल उजेड डोळ्याला जेमतेम जाणवतो. म्हणून आम्ही साधा सीसीटीव्हीचा कॅमेरा लावतो. पडद्यावर पेटीच्या मध्यभागी दोन-तीन मिलिमीटरचा पांढरा ठिपका उमटतो. एका झोतासमोर हात धरला की ठिपका नाहीसा होतो, हात काढला की सेकंदा-दोन सेकंदांत परत भरतो.

आता अलीकडच्या कामाकडे येऊ. ‘किती थंड?’ यापेक्षा ‘अणू किती वेळ ताब्यात राहिले, किती होते आणि त्यांच्याकडून काय करवून घेतलं?’ हे विचारलं की बातमीचं वजन लगेच कळतं. जर्मनीत ब्रेमेनच्या मनोऱ्यातून प्रयोगाचं यंत्र खाली सोडून २०२१ मध्ये ३८ पिकोकेल्विन, म्हणजे ०.०३८ नॅनोकेल्विन, गाठलं, हा विक्रम गाजला. पण खरं काम होतं ते ढगाचं पसरणं जवळजवळ थांबवण्याचं, म्हणजे पडताना तो जास्त वेळ वाचता यावा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१८ मध्ये अतिशीत अणूंची प्रयोगशाळा पाठवली तीही याचसाठी. तिथे ढग खाली पडत नाही.

माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सगळ्यांत भक्कम मजल घड्याळांनी मारली आहे. लेसरच्या उभ्या लाटांनी बनवलेल्या जाळीत स्ट्रॉन्शियमचे अणू बसवतात. त्यांची लाल प्रकाशातली टिकटिक सेकंदाला सुमारे ४२९ लाख कोटी वेळा होते. आपला आजचा सेकंद सीझियमच्या ९१९ कोटींच्या टिकटिकीवर ठरलेला आहे, यावरून फरक किती ते बघा. बोल्डरमधल्या जुन ये यांच्या गटाने २०२२ मध्ये लाखभर अणूंच्या एकाच ढगात, मिलिमीटरभर उंचीच्या फरकाने, वरच्या अणूंचा काळ खालच्यांपेक्षा किंचित जलद जातो हे मोजलं. आइन्स्टाइनचा हा परिणाम पूर्वी डोंगरावर आणि उपग्रहांत तपासायचे, आता तो एका टेबलावर, एका ढगात मावला. त्याच गटाचं २०२४ चं घड्याळ विश्वाच्या वयाइतका काळ चालवलं तरी सेकंदभरही चुकणार नाही. सेकंदाची व्याख्या बदलून अशा घड्याळांवर बसवण्याची आंतरराष्ट्रीय तयारी चालू आहे. २०२४ मध्येच थोरियम-२२९ च्या केंद्रकालाही लेसरने हलवता आलं, ती पुढच्या पिढीच्या घड्याळाची सुरुवात म्हणायला हरकत नाही.

दुसरी मोठी गोष्ट रेणूंची. अणू थंड करणं आता रुळलं, पण रेणू फिरतात, थरथरतात आणि एकमेकांना भिडले की नाहीसे होतात. कोलंबिया विद्यापीठात २०२४ मध्ये सोडियम-सीझियमच्या रेणूंचं संघनित झालं, पाच नॅनोकेल्विनवर, आणि ते दोनेक सेकंद टिकलं. युक्ती अशी की मायक्रोवेव्हने रेणूंना असं फिरवत ठेवायचं की जवळ आले तर एकमेकांना ढकलतील. इथेही पाच नॅनोकेल्विनपेक्षा ‘दोन सेकंद’ महत्त्वाचे. या रेणूंना विद्युत ध्रुव असतात, ते लांबूनही एकमेकांवर ओढ लावतात. त्यामुळे अणूंच्या ढगात न दिसणारं वागणं आता प्रयोगात आणता येईल.

डिस्प्रोशियमसारख्या चुंबकीय अणूंत २०१९ पासून ‘सुपरसॉलिड’ दिसतंय, घनासारखी रचना धरूनही विनाघर्षण वाहणारा पदार्थ. २०२४ मध्ये इन्सब्रुकच्या गटाने त्यात भोवरेही दाखवले. हे देखणं आहे, पण उपयोग विचाराल तर सध्या तरी समज वाढवण्यापुरता.

संगणकाच्या बातम्या जरा सांभाळून वाचा. एकेक अणू लेसरच्या चिमट्यात धरून ओळीत मांडण्याची कला फार पुढे गेली आहे, हे खरं. हार्वर्डच्या गटाने २०२३ मध्ये २८० अणूंपासून चुका ओळखता येतील असे ४८ तार्किक क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातली माहितीची एककं, उभे केले. कॅलटेकने ६,१०० सीझियम अणू एकाच मांडणीत धरले आणि त्यांची क्वांटम अवस्था १२ सेकंदांहून जास्त टिकवली. हार्वर्डनेच २०२५ मध्ये तीन हजारांहून अधिक अणूंची मांडणी दोन तासांपेक्षा जास्त अखंड चालवली, निसटणाऱ्या अणूंच्या जागी नवे भरत. मला यातलं शेवटचं सगळ्यांत कामाचं वाटतं. आधी प्रयोग काही सेकंद चालायचा आणि पुन्हा सुरुवातीपासून सगळं भरावं लागायचं. तरीही बँकेचं कुलूप तोडणारा क्वांटम संगणक अजून कुणाच्याच टेबलावर नाही. तो आहे असं सांगणारा माणूस बहुधा काहीतरी विकत असतो.

आता औंढा. लेकरं उगाच सांगड घालत नाहीत, सर, त्यांना शाबासकी द्या. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, टोकांना आरसे आणि त्यांच्यामधून धावणारा लेसर. गुरुत्वीय लहर आली की भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारो पटींनी लहान फरक पडतो. हा फरक मोजताना आडवी येते ती प्रकाशाची क्वांटम कुजबुज. फोटॉन एकसारखे येत नाहीत, कधी चार जास्त, कधी चार कमी. लेसर वाढवला तर मोजणी सुधारते, पण तेच फोटॉन ४० किलोच्या आरशाला अनियमित ढकलू लागतात. एक गोंगाट कमी केला की दुसरा वाढतो, अनिश्चिततेचा नियमच तो. यावर उपाय म्हणून अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही यंत्रांत २०१९ पासून ‘पिळलेला’ प्रकाश वापरतात. त्यात एका बाजूची अनिश्चितता दाबून दुसरीकडे सरकवलेली असते. २०२३ पासून ३०० मीटरच्या एका जादा पोकळीतून तो प्रकाश फिरवून आणतात, म्हणजे उंच वारंवारितेला एक गोंगाट दबतो आणि खालच्या वारंवारितेला दुसरा. त्यामुळे यंत्राला ऐकू येणाऱ्या आकाशाचं घनफळ ६५ टक्क्यांपर्यंत वाढलं.

आणि अतिशीतचा संबंध? २०२१ मध्ये लायगोच्याच चार आरशांच्या एकत्रित डोलण्याला, ज्याचं परिणामी वस्तुमान १० किलो आहे, विद्युत नियंत्रणाने आवर घालून ७७ नॅनोकेल्विनवर आणलं. आरशाची काच त्या वेळी खोलीच्याच तापमानाला होती. थंड झालं ते फक्त एक डोलणं. तापमान नेमकं कशाचं, हा प्रश्न बारावीच्या मुलांपुढे टाकायला यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. हिंगोलीच्या जमिनीला मधूनमधून हादरे बसतात हे खरं आहे. म्हणूनच आरसे एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लोलकाला टांगलेले असतात, आणि तो लोलकही हादरे गिळणाऱ्या मंचांवर असतो.

बोअरवाल्याबद्दल थेट सांगतो. तुमच्या शेजारच्या गावात झाली ती फसवणूक. तो नारळ हातात धरून फिरला असता तर निदान पैसे कमी घेतले असते.

खरा क्वांटम गुरुत्वमापक असतो. रुबिडियमचा थंड ढग निर्वातात सोडतात आणि पडता पडता त्याला लेसरचे तीन स्पंद देतात. त्याने अणूची लाट दोन वाटांनी जाऊन परत जुळते आणि त्या जुळण्यावरून गुरुत्वत्वरण वाचता येतं. पडण्याचा वेळ जितका जास्त तितकी अचूकता वेळेच्या वर्गाने वाढते, इथेही पुन्हा वेळच. अशी यंत्रं गुरुत्वाच्या एक अब्जांश भागापर्यंत फरक ओळखतात, म्हणजे मोजमापाच्या भाषेत मायक्रोगॅल. २०२० पासून एक यंत्र इटलीतल्या एटना ज्वालामुखीवर बसवलेलं आहे. बर्मिंगहॅमच्या गटाने २०२२ मध्ये अशाच जोडयंत्राने जमिनीखालचा दोन मीटरचा बोगदा उघड्यावर शोधून दाखवला. ही यंत्रं खांद्याला अडकवून शेतात फिरण्याजोगी नाहीत. त्यांना निर्वात पेटी, लेसरची रॅक, वीज आणि स्थिर पाया लागतो.

आता आपल्या खडकाचं गणित करा. मीटरभर जाडीचा पाण्याचा थर सपाट पसरला असेल तर गुरुत्व ४२ मायक्रोगॅलने बदलतं. पण आपल्याकडे काळा पाषाण आणि मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा खडक. पाणी त्यातल्या भेगांत आणि झिजलेल्या थरात. समजा खडकाच्या घनफळाच्या दोन टक्केच पाणी निघतं, तर पातळी दहा मीटर उतरली तरी फरक आठेक मायक्रोगॅलचा. आणि यंत्र फक्त एक सेंटीमीटर वर उचललं तरी तीन मायक्रोगॅलचा फरक पडतो. तीसेक मीटर खाली असलेली मीटरभर रुंदीची ओली भेग या हिशोबात एक-दोन मायक्रोगॅलची. वरच्या काळ्या मातीची जाडी बांधागणिक बदलते, तिचाच परिणाम याच्या कितीतरी पट. त्यामुळे ‘इथे घाला, दोन इंच पाणी लागेल’ असं कुठलाही गुरुत्वमापक सांगू शकत नाही, अणूंचाही नाही. एकाच जागी यंत्र पक्कं बसवून पावसाळ्याआधी आणि नंतर मोजलं तर त्या परिसरात एकूण किती पाणी मुरलं याचा अंदाज मिळू शकतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या मोजतेच, त्याला अशा नोंदींची जोड मिळाली तर मराठवाड्याला खरंच उपयोग आहे. सध्या गावाने पैसे खर्चायचेच असतील तर विद्युत रोध मोजून केलेलं सर्वेक्षण आणि भूजलतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. तोही खात्री देत नाही, पण ते तो आधीच सांगतो.

मुलांचं थोडक्यात सांगतो. बारावीनंतर आयसरसाठी आयएटी आणि भुवनेश्वरच्या नायसर किंवा मुंबईच्या सीईबीएससाठी नेस्ट, या दोन परीक्षा आहेत. गावाजवळच बीएस्सी करायची असेल तर नांदेड किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठाचं महाविद्यालयही चालेल. पुढे जॅम देऊन आयआयटीत एमएस्सी, आणि पीएचडीसाठी जेस्ट, नेट किंवा गेट. या विषयाचे प्रयोग पुण्यात आयसर आणि आयुका, मुंबईत टीआयएफआर, इंदूरला आरआरकॅट, बंगळुरूला रमण संशोधन संस्था इथे चालतात. राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ मध्ये सहा हजार कोटींवर रक्कम मंजूर झाली, त्यातलं संवेदक आणि मोजमापाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. गणित कच्चं ठेवू नका, पण हाताला सोल्डरिंगचीही सवय हवी. आमच्याकडे नव्वद टक्के गुण घेऊन येणारी, आणि ऑसिलोस्कोपचं बटण फिरवायला घाबरणारी मुलं खूप येतात.

आयटीआयच्या मुलांनाही हे ऐकवा. कडक निर्वाताच्या नळ्या, गळती शोधणं, टिग वेल्डिंग, कमी गोंगाटाचं इलेक्ट्रॉनिक्स यात हात बसलेला माणूस अशा प्रत्येक प्रयोगाला लागतो, आणि औंढ्याला तर किलोमीटरच्या हिशोबाने लागेल. वर्गासाठी म्हणाल तर जाड फरशीच्या तुकड्यावर साधा लेसर, दोन आरसे आणि एक काचपट्टी बसवून मायकेलसनचं यंत्र, म्हणजे लायगोचंच लहान रूप, जुळवा. पट्टे दिसले की टेबलावर बोट टेकवून ते कसे पळतात ते दाखवा. काचपट्टीऐवजी अर्धपारदर्शक आरसा मिळाला तर पट्टे बरेच ठळक येतात, आणि लेसर थेट डोळ्यात जाणार नाही एवढी काळजी पहिल्याच दिवशी घ्या.